रोखून धरायचा श्वास

३ फेब्रुवारी, सोमवार

आज ओपीडीत चौघांनी मला दमा शिकवला. चौघांचा गुरू एकच, मोबाइलवरचे ते श्वासवाले काका. पांढरी दाढी, मागे धबधबा, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने मुकाट्याने मान डोलवावी. "पंप म्हणजे कुबडी, लेकरांनो. कुबडी फेका, चालायला लागा."

एक बाई रोजचा पंप बंद करून बसली होती. म्हणाली, "काकांनी सांगितलंय, पहाटे उलटं चाला. दमा जातो."

मी विचारलं, "मग गेला?"

"दमा आहे. गुडघा गेला."

सिस्टर तोंडावर फाइल धरून हसत होत्या. मला हसू आलं नाही. बाईची छाती शिट्टीसारखी वाजत होती. मी परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. दम्यात नळ्या आतून सुजलेल्या असतात. रोजचा पंप ती सूज उतरवतो. तातडीचा पंप फक्त वेळ मारून नेतो. बाई माझ्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होती.

दुपारी मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, आता अति झालं. हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडम अति झालं म्हटलं की लगेच काम लावतात. "दम्यावरचे जेवढे व्हिडिओ लोक बघतात ते तू बघ. कोणता खरा, कोणता खोटा, गुण दे. मग ठरवू."

म्हणजे डोक्याला ताप माझ्याच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस व्हिडिओ बघतेय. जेवण गार, डोकं गरम.

जेवढा खोटा, तेवढा लोकप्रिय, हे आता मी लिहून द्यायला तयार आहे. एक माणूस दमा मुळापासून उपटतो. एका मुलीने पंप कसा घ्यायचा ते फार गोड आवाजात दाखवलंय, फक्त पंपाचं टोपण काढायला विसरली आहे. खाली शेकडो लोकांनी तिचे आभार मानलेत. एकालाही टोपण दिसलं नाही?

एकच व्हिडिओ अक्षरन्अक्षर बरोबर सापडला. कुठल्याशा प्राध्यापकांचा. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ करून फळ्यावरचं सगळं वाचून दाखवलंय. मी छातीची डॉक्टर, आणि मला मध्येच झोप लागली. त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. बघणारी बहुधा मीच एकटी.

संध्याकाळी वहिनीचा फोन. दबक्या आवाजात. "बेबी, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. ह्यांनी रोजचा पंप बंद केलाय."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. ते कोण काका आहेत ना..."

माझा सख्खा भाऊ! तळपायाची आग मस्तकात गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादाच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले. दादा खुर्च्या, कपाटं करतो. लहानपणापासूनचा दमा, आणि धंदा निवडला तो लाकडाच्या भुशाचा. हेही मी गेली वीस वर्षं सांगतेय. तोंडाला मास्क होता, पण हनुवटीवर.

"कोणी सांगितलं तुला? वहिनीने?"

"तुझ्या छातीने. दारातून ऐकू येतेय."

"बेबी, त्या पंपात स्टेरॉइड असतं. हाडं ठिसूळ होतात म्हणे."

मी त्याला सांगितलं की श्वासातून जातं ते फार थोडं असतं, गोळ्यांची गोष्ट वेगळी, आणि हे मी त्याला किमान दहा वेळा सांगितलेलं आहे. त्याने रंधा बाजूला ठेवला. "बघ, आलीस तशी ओरडतेयस. तो माणूस निदान शांतपणे सांगतो. दोनदा ऐकावंसं वाटलं तर दोनदा ऐकता येतं. तुला मी दुसऱ्यांदा विचारलं की तू डोळे मोठे करतेस."

"मी डोळे मोठे करत नाही."

"हे बघ."

वहिनी चहा घेऊन आली होती, ती हसली. मी चहा घेतला नाही.

निघताना दादा म्हणाला, "तू कर की असा एखादा व्हिडिओ. तुझा बघेन मी. तू सांगशील तस्संच करीन, शब्दाबाहेर नाही."

हे बरं आहे. प्रत्यक्ष बहीण समोर उभी असताना तिचं ऐकायचं नाही, पण ती फोनमध्ये शिरली की ऐकायचं.

पण कल्पना वाईट नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या मॅडमनी लगेच होकार दिला. शूटिंग आज झालं. प्रसिद्धी विभागातला दाढीवाला कॅमेरा, दिवे आणि पावडर घेऊन आला. पावडर माझ्यासाठी. म्हणाला, "मॅडम, चेहरा चमकतोय."

"घाम आहे तो. ओपीडी करून आलेय."

मग म्हणाला, थोडं हसा. मी म्हटलं, दम्याचा पंप घेताना कोण हसतं? तर म्हणे, "नाही, पण लोक घाबरतील." सिस्टरनी, माझ्या सिस्टरनी, मान डोलावली!

पंपाची सगळी पद्धत मी क्रमाने दाखवली. पंप हलवा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंप तोंडाला लावून ओठ त्याभोवती घट्ट मिटा. सावकाश श्वास घेता घेता पंप दाबा, घेत राहा. मग श्वास रोखून धरा, मनात दहापर्यंत मोजा. मग हळूच सोडा. शेवटी चूळ भरा. मी श्वास रोखून उभी, आणि दाढीवाला कॅमेऱ्यामागून हात हलवतोय. मला वाटलं आग लागली.

"काय झालं?"

"मॅडम, इथे काहीच घडत नाहीये."

"फुफ्फुसात घडतंय! औषध खाली बसायला वेळ लागतो. हेच तर मुख्य आहे."

"हो हो, कळलं," म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा. शेवटी त्याच्या समाधानासाठी पंप घेऊन झाल्यावर हसलेसुद्धा, दात दाखवून. "बस्स, झालं!" असंही म्हणायला लावलं. गाल दुखताहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दाढीवाल्याने तयार व्हिडिओ फोनवर पाठवला. लिफ्टची वाट बघत उभी असताना पाहिला, आवाज बंद करून, कारण शेजारी पेशंटचे नातेवाईक होते. हनुवट्या दोन दिसतात. केस बरे बसलेत. सुटसुटीत झालाय, लांबण नाही. तेवढ्यात लिफ्ट आली. "ओके" कळवून टाकलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मला हे लिहायला थोडी लाज वाटते, पण मी दिवसातून चार-पाच वेळा आकडा बघते. व्हिडिओ पळतोय! मोठ्या मॅडमनी सगळ्या विभागप्रमुखांसमोर माझं नाव घेतलं. किराणा दुकानातली मुलगी म्हणाली, "तुम्ही त्या पंपवाल्या डॉक्टर ना?" हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर असाच व्हिडिओ करायचं ठरवलंय. उलटं चालणाऱ्यांमुळे त्यांची प्रॅक्टिस वाढलीच आहे, आता आणखी काय हवं.

आणि दादाचा फोन आला. "बघितला गं. दोनदा बघितला. आजपासून रोजचा पंप सुरू, सकाळ-संध्याकाळ. काका बंद."

मी म्हटलं, "झालं ना डोकं ठिकाणावर?"

"एकदा तरी नुसतं बरं झालं म्हण."

बरं झालं.

१० मार्च, सोमवार

ओपीडीला दिवसभर धापा टाकणारी माणसं. रोजचा पंप नियमित घेतोय म्हणतात आणि छाती पुन्हा घट्ट. बाहेर रस्ता खणून ठेवलाय, सगळी धूळ आमच्याच खिडकीत. पाच-सहा जणांचा डोस वाढवला. एकाला गोळ्या सुरू कराव्या लागल्या, नको होत्या करायला.

आणि एक नवीनच खूळ. पंप घेऊन दाखवा म्हटलं की घेतात आणि माझ्याकडे बघून दात दाखवतात. एक रिटायर झालेले ड्रायव्हर हसले. एक कॉलेजमधली मुलगी हसली. एक आजोबा हसले, त्यांना तर दातही नाहीत. मला वाटतं व्हिडिओतली डॉक्टर प्रत्यक्षात दिसली म्हणून खूश होतात. एवढं लाडात यायचं कारण नाही. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हे जरा घाईत घेताहेत का पंप?"

म्हटलं, रांग बघा बाहेर. सगळेच घाईत आहेत.

१५ मार्च, शनिवार

दादाला फोन केला. बोलताना मध्ये मध्ये थांबत होता.

"पंप घेतोस का?"

"घेतो. दोन्ही वेळा."

"दादा, खरं सांग."

"अगं घेतो म्हणतोय ना. तुझ्या व्हिडिओतल्यासारखा."

"घेत असतास तर अशा धापा टाकल्या नसत्यास. माझ्याकडे रोज पन्नास माणसं खोटं बोलतात, त्यात तू भर घालू नकोस."

तो काहीतरी म्हणत होता. खोकला आला. मी फोन ठेवला. या माणसापुढे हात टेकले.

२० मार्च, गुरुवार

दुपारी ओपीडी चालू असताना खालून, इमर्जन्सीतून फोन आला. मी म्हटलं, येते हा पेशंट संपवून. तर पलीकडची ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, तुमचे भाऊ आहेत."

दादा कॉटवर दोन्ही हात टेकून बसला होता, खांदे वर ओढलेले, केसांत भुसा. एकेक शब्द सुटा येत होता. "बे... बी... काही... नाही." ओठ राखेसारखे. मी छातीला स्टेथोस्कोप लावला. शिट्टी नव्हती. वहिनी म्हणाली, "सकाळी फार वाजत होती, आता थांबलीये ना?" तिला वाटलं बरं होतंय. हवाच आत-बाहेर होत नव्हती, म्हणून आवाज नव्हता. मी तिला सांगितलं नाही.

ज्युनिअर मुलीने मला बाजूला केलं. बरोबर केलं तिने. ऑक्सिजन, वाफेचं औषध, शिरेतून इंजेक्शन. मी दादाच्या चपला हातात धरून भिंतीशी उभी होते. का उचलल्या ते ठाऊक नाही. रोज मी दुसऱ्यांच्या भावांना सांगते की घाबरू नका, होईल ठीक. आज ते वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने शिट्टी ऐकू आली. इतका सुंदर आवाज मी कधी ऐकला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो अर्धं वाक्य बोलायला लागला. अर्ध्या वाक्यात त्याने विचारलं, वर्कशॉपचं कुलूप लावलं का.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी वॉर्डात गेले. दादा उशीला टेकून बसला होता. मी ठरवून गेले होते की ओरडायचं नाही. विचारलं, "दादा, खरं सांग. किती दिवस चुकवलेस?"

"एकही नाही."

वहिनी खवळली. मी तिला कधी खवळलेली पाहिली नव्हती. "बेबी, पुरे! हे दोन्ही वेळा घेतात, मी समोर उभी असते. तुझा व्हिडिओ लावून घेतात. पाठ झालाय घरात सगळ्यांना."

"मग घेऊन दाखव," मी दादाला म्हटलं.

त्याने पंप हलवला. तोंडाला लावला. दाबला. एक लहानसा श्वास, आणि लगेच फस्सकन बाहेर. मग माझ्याकडे बघून दात दाखवले आणि म्हणाला, "बस्स, झालं."

मी पंप त्याच्या हातातून काढून घेतला.

"हे काय?"

"काय म्हणजे? तुझंच आहे. तू असंच करतेस."

"मी असं करत नाही!"

वहिनीने फोन पुढे केला. मी पहिल्यांदाच आवाज लावून, बसून, पूर्ण बघितला. मी पंप हलवते. दाबते. आणि हसते. श्वास आधी बाहेर सोडायचा, तो नाही. सावकाश आत घ्यायचा, त्यातला निम्मा नाही. रोखून धरायचा, तो तर नाहीच. दहापर्यंत मोजायचं मी जिथे सांगितलं होतं तिथे हॉस्पिटलचं चिन्ह गरगर फिरतं आणि वाद्य वाजतं.

ते दात नसलेले आजोबा आठवले. डोस वाढवलेले ते पाच-सहा जण. गोळ्या सुरू केलेला तो एक.

दादा म्हणाला, "म्हणजे मी बरोबर करत होतो ना?"

"तू बरोबर केलंस," मी म्हटलं. "व्हिडिओ चुकला."

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि डोळे मिटून पडला. मी कॉटच्या कडेला बसून राहिले. शनिवारी फोन ठेवला त्याबद्दल काहीतरी म्हणायला हवं होतं. म्हणाले, "डबा काय आणू?"

२४ मार्च, सोमवार

दाढीवाल्याला केबिनमध्ये बोलावलं.

"श्वास कुठे गेला?"

"कोणता श्वास, मॅडम?"

शप्पथ, हेच म्हणाला. मग आठवलं त्याला. "तिथे काही हालचाल नव्हती. अशा जागी लोक व्हिडिओ सोडून जातात, आकडे आहेत माझ्याकडे. आणि मॅडम, मी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही ओके कळवलं."

ती लिफ्ट एक मिनिट उशिरा आली असती तर मी शेवटपर्यंत नीट बघितला असता. असं मला वाटतं. त्याला मात्र म्हणता आलं नाही.

मोठ्या मॅडमना सांगितलं, व्हिडिओ आज उतरवा. त्या म्हणाल्या, "आपला सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ आहे हा. उतरवला तर लोक विचारणार का. त्यापेक्षा खाली एक ओळ टाकू."

"मॅडम, खालची ओळ कोणी वाचत नाही."

"मग काय हॉस्पिटलची बदनामी करायची?"

मी खिशातून शिकवायचा पंप काढला, औषध नसलेला, नुसत्या वाफेचा. म्हटलं, "व्हिडिओ लावा आणि तसंच करा." त्यांनी आधी नको म्हटलं, मग वैतागून केलं. दाबला, फस्स केलं. नाकातोंडातून पांढरी वाफ टेबलावर आली.

"हे औषध असतं," मी म्हटलं. "टेबलाला दमा नाहीये."

मॅडमनी रुमालाने टेबल पुसलं. मग त्यांनी दाढीवाल्याला फोन लावला.

उरलेली दुपार सिस्टर आणि मी फोन करत बसलो. डोस वाढवलेल्या प्रत्येकाला परत बोलावलं. आजोबांनी विचारलं, "हसायचं की नाही, तेवढं सांगा." सिस्टर म्हणाल्या, "मी त्या दिवशी म्हटलं होतं, घाईत घेताहेत." हो, म्हटलं होतं.

२ एप्रिल, बुधवार

नवीन व्हिडिओ केला. या वेळी पंप घेतो दादा, मी शेजारी उभी राहून सांगते. तो वर्कशॉपचाच शर्ट घालून आला आणि पावडर लावून घ्यायला त्याने साफ नकार दिला. श्वास रोखायची वेळ आली तेव्हा मी दाढीवाल्याकडे असं बघितलं की तो कॅमेऱ्यामागून हललासुद्धा नाही. दादा श्वास रोखून ताठ उभा. मी बोटांवर दहा मोजले. खोलीत पंखा फिरत होता, दुसरं काही नाही. काहीही कापलं नाही. आवाज लावून तीन वेळा बघितला, शेवटचा वहिनीबरोबर.

मग टाकला. पहिली प्रतिक्रिया आली: "व्हिडिओ अडकला का?"

दुसरी: "आधीच्या मॅडम छान हसायच्या."

श्वासवाल्या काकांनीही नवीन व्हिडिओ टाकलाय. बघितला. हॉस्पिटलवाले स्वतःच आपला व्हिडिओ लपवतात, तर विचार करा लेकरांनो, असं म्हणतात. मी फोन उशीवर आपटला. जमिनीवर आपटणार होते, पण त्यात दादाचा फोटो आहे.

८ एप्रिल, मंगळवार

जुना व्हिडिओ आमच्या पानावरून गेला, पण लोकांच्या फोनमधून कसा जाणार? कोणी मामाला पाठवला, मामाने अख्ख्या सोसायटीला. आता रोज सकाळी ओपीडी सुरू करताना मी रांगेपुढे उभी राहून ओरडते: तो व्हिडिओ पाहिला असेल तर विसरा, आत येऊन पंप घेऊन दाखवा. एकेकाला बघायला वेळ लागतो. रांग दारापर्यंत जाते, लोक कुरकुर करतात, मोठ्या मॅडम खिडकीतून बघतात. जाऊ दे.

आज एक आजी आल्या, एकट्याच. पंप दाखवा म्हटलं. फस्स केलं आणि हसल्या.

मी समजावलं. श्वास आधी सोडायचा, मग सावकाश घ्यायचा, मग रोखायचा. आजी ऐकून घेत होत्या, पण चेहऱ्यावर दया होती. माझ्यासाठी.

"असं नाही गं," त्या म्हणाल्या. "मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलंय. माझ्या नातीने फोनमध्ये घालून दिलंय."

"आजी, ती डॉक्टरीणबाई मीच."

त्यांनी चष्मा वर केला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाही," म्हणाल्या. "ती बाई शांत आहे."

सिस्टर एकदम औषधाच्या कपाटाकडे वळल्या.

माझे डोळे मोठे झाले असतील तर झाले असतील. खुर्ची ओढून आजींच्या अगदी समोर बसले. म्हटलं, "बरं, तिचं राहू दे. माझ्यासाठी एकदा असं करून बघा." आम्ही दोघींनी बरोबर श्वास सोडला, बरोबर घेतला. त्यांनी रोखून धरला आणि माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. सातव्या बोटाला सुटला. दुसऱ्यांदा आठव्याला.

"खोकला नाही आला," आजी म्हणाल्या. जरा संशयाने.

"रोज असंच घ्या."

"तू म्हणतेस म्हणून सकाळी असा घेईन. संध्याकाळी त्या बाईंसारखा."

बाहेर रांग चुळबुळत होती. मी आजींना पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय, नातीला आणि तिच्या फोनला घेऊन. या मंगळवारी सकाळ जिंकली. संध्याकाळसाठी अजून भांडायचंय.